बांधावर तुटलेली हाक

बायकोनं रहाटावर पाय ठेवला की सांगदोक तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसायचा. सोल्मे बेटावर पायरहाट चालवणं हे पुरुषाचं काम. मिठागरातल्या शेवटच्या कुंडीत खारं पाणी चढवायचं तर रहाटाच्या फळ्यांवर उभं राहून जिना चढल्यासारखी एकेक फळी दाबत राहायचं. माणूस जागच्या जागी चालतो आणि पाणी वर येतं. मिसरूड फुटल्यापासून सांगदोकनं हेच केलं होतं. आता ते जांगपोवाली करत होती, आणि तो बांधावर बसून उजव्या जांघेत तळहात दाबून धरत होता.

जांगपो हे तिचं माहेर. बेटावर बाईला तिच्या माहेरच्या गावावरूनच हाक मारायची रीत. तिचं खरं नाव विचारलं असतं तर सांगदोकला आठवायला थोडा वेळ लागला असता.

"अवो, हिकडं बघा की," ती वरून म्हणाली. "पाणी कुठवर आलं ते सांगा. का त्येबी मीच उतरून बघू?"

"बघतोय."

"समुद्राकडं बघताय तुमी."

"समुद्रातबी पाणीच हाय."

ती हसली नाही. तिचे पाय बारीक होते, फळी पुरती दाबली जावी म्हणून तिला दर पावलाला अंग झोकून द्यावं लागायचं. पाठीवरचा सदरा घामानं काळा झाला होता आणि त्यावर पिवळी धूळ बसली होती. पाइनचा मोहोर झडायचे दिवस होते ते. डोंगरावरून परागांची पिवळी धूळ वाऱ्यावर यायची, कुंड्यांवर साय धरल्यासारखी पसरायची, आणि त्याच दिवसांत धरलेल्या मिठाला वर्षातला सगळ्यात चांगला भाव असायचा. सगळं बेट कसं हळदीच्या झोपेत असल्यासारखं दिसायचं. अशा दिवसांत धडधाकट गडी बांधावर बसून राहतो म्हणजे काय, हे सांगदोकला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुखणं तसं जुनं होतं. मिठाची कावड उचलताना जांघेत काहीतरी सटकलं. आधी ते सुपारीएवढं होतं, मग अंड्याएवढं झालं. आता उभं राहिलं की मुठीएवढा गोळा बाहेर यायचा आणि आडवं झालं की गुरगुरत आत जायचा. रजईच्या जुन्या खोळीची पट्टी फाडून जांगपोवालीनं त्याला घट्ट बांधायला दिली होती. दिवसभरात ती घामानं, खारानं कडक व्हायची आणि जांघ सोलून काढायची. त्यात खोकला. तरुणपणापासूनची विडी आणि कोळशाच्या चुलीचा धूर, दोन्ही छातीत मुक्कामाला होते. खोकला आला की सांगदोकचा तळहात आपोआप जांघेवर जायचा आणि खोकला घशातच गिळला जायचा. त्यानं इतके खोकले गिळले होते की आता त्याला धड खोकताच येत नव्हतं.

पण बेटाला त्याच्या जांघेची पडलेली नव्हती. बेटाला पडली होती त्याच्या गळ्याची.

बेटावर माणूस मेला की कागदी फुलांनी सजवलेल्या मेण्यातून त्याला डोंगराकडे नेतात. वाट मिठागरातूनच जाते, कुंड्यांमधल्या अरुंद बांधांवरून. खांदेकऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींना चिकटून चालतात, अंगावर मेण्याचं ओझं, खाली दोन्ही बाजूंना पाणी. पाय कुठे टाकायचा ते त्यांना दिसत नाही, ऐकू येतं. मेण्यापुढे घंटी घेतलेला माणूस हाक घालतो, खांदेकरी 'ए हो, ए हो' म्हणून ओ देतात आणि त्या ओच्या ठेक्यावर पाऊल पडतं. ती हाक घालणारा म्हणजे सांगदोक. त्याच्या आधी त्याचा बाप होता.

गेल्या हिवाळ्यात तेगिलची आई वारली. तेगिल म्हणजे शेजारच्या कुंड्यांचा मालक, सांगदोकपेक्षा बराच लहान, मेण्याच्या पुढच्या डाव्या खांद्याचा कायमचा मानकरी. आईच्या वेळी तो खांद्याला नव्हता, मागून रडत चालला होता. वारा कापत होता. तेगिलच्या कुंडीजवळचा वळणाचा बांध आला, तिथं हाक उंच घ्यावी लागते, म्हणजे सगळे एकदम वळतात. सांगदोकनं श्वास भरला आणि हाक घातली, "पाय उचल गं माये, पल्याडं..." आणि तेवढ्यात जांघेतलं सगळं बाहेर आलं, अडकलं, आणि तो मटकन खाली बसला. घंटी कुंडीत गेली. खांदेकऱ्यांचा एकेक पाय वर उचललेला होता. मेणा कलला आणि त्याचा एक कोपरा पाण्याला लागला.

पुढे ते मुकाट्यानं गेले. म्हातारी मातीत गेली, सगळे विधी झाले. पण बेटाचा समज असा, की हाक तुटली तर मयत तिथंच थांबतं, आणि तुटलेली हाक ज्याची त्यानंच पुरी करायची. दुसऱ्याचा आवाज मयताला ओळखू येत नाही. म्हणजे तेगिलची आई अजून त्या वळणावर उभी होती. एक पाय उचललेला, तसाच.

सांगदोक दोनदा पहाटे त्या बांधावर जाऊन आला होता. 'पाय उचल गं माये' इथवर गळ्यानं भागायचं. 'पल्याडं' ला श्वास बेंबीच्या खालून यावा लागतो, आणि तिथं तर भोक. हात दाबून धरला तर आवाज दबायचा, हात काढला तर आतडं यायचं. दोन्ही वेळा तो तसाच परत आला आणि घरी कुणाला काही बोलला नाही.

*

त्या दिवशी पाणी चढवून झालं तेव्हा तेगिल पाण्याच्या पाटाशी आला. हिवाळ्यापासून तो सांगदोकशी बोलत नव्हता. बोलायचं असलं तर सांगदोक समोर असतानाही जांगपोवालीशी बोलायचा.

"वहिनी, दादाला म्हणावं, येऊन बघा माजी वळणावरची कुंडी. सगळ्यांच्या कुंडीत मीठ फुललंय आनि माज्या कुंडीत नुसती पिवळी साय. दाना धरंना."

"बांध झिरपत असंल," सांगदोक म्हणाला.

"वहिनी, दादाला म्हणावं, बांध म्या स्वता चोपलाय."

"ते हितंच हायेत की भावजी," जांगपोवाली म्हणाली. "तुमीच म्हणा."

"माजी आई थंडीत उभी हाय तितं." तेगिलचा आवाज बारीक झाला. "तिच्या पायात नुसत्या रबरी चपल्या घातल्या हुत्या आमी. सांगा त्यास्नी."

तो गेला. सांगदोकनं जांघेवरची पट्टी आवळली. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त म्हणजे म्हातारीची कीव येत होती. लहानपणी तिनं त्याला वाळवलेली कोलंबी चोरताना पकडलं होतं आणि मारण्याऐवजी आणखी मूठभर दिली होती.

"चला," जांगपोवाली म्हणाली. "पुन्यांदा डॉक्टरकडं."

"नळी घालत्यात घशात."

ते आधी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते. तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि नुसती मान हलवली. पूर्ण भूल द्यायची तर श्वासासाठी घशातून नळी घालावी लागेल, आणि ही फुप्फुसं परत धडपणे चालू होतील याची खात्री देता येत नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या अर्ध्याकडे सांगदोकचं लक्षच नव्हतं. घशातून नळी एवढंच तो घरी घेऊन आला. जीव गेला तर गेला, पण जिवंत राहून गळा गेला तर म्हातारी कायमची बांधावर.

"पल्याडच्या बंदरात एक डॉक्टरीण आलीय म्हनं," बायको म्हणाली. "ती झोपवतच न्हाई. जितं दुकतं तितंच सुई देती."

*

ही बातमी मिठाच्या गोदामासमोरच्या मांडवात पोचायला वेळ लागला नाही. तिथं संध्याकाळी म्हातारे तांदळाची पांढरी दारू घेऊन बसायचे.

"जागेपनी कापनार?" एकानं विचारलं. "आनि ह्यो वर पडून बघनार?"

"आडवा पडदा धरत्यात."

"माजा दात काढला तवा अशीच सुई दिली हुती. ओट दिवसभर लोंबत हुता. आता तितं सुई दिली तर काय काय लोंबंल?"

"त्येचं हाय तेच लोंबतंय, त्येला काय भ्या?"

सगळे खो खो हसले. सांगदोकही हसला, जांघेवर हात ठेवून, जपून हसला. घरी जाताना मात्र त्याच्या मनात ओठच लोंबत राहिला. ओठ बधिर होतो तसं खालचं सगळं बधिर झालं आणि हाक तिथंच झोपून गेली, तर?

बंदरातली डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची निघाली. तिनं त्याला उभं केलं, विजार खाली करायला लावली आणि बोटानं गोळा चाचपला. सांगदोक भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बदकांकडे बघत राहिला. जन्मात एवढी बदकं त्यानं कधी निरखली नव्हती.

"खोका बरं, काका."

त्यानं घसा खाकरला.

"खोका म्हटलं मी."

"आता येत न्हाई," तो म्हणाला.

तिनं सगळं समजावून सांगितलं. मोठ्या माणसाला असा जांघेतला हर्निया असेल, त्यात छाती नाजूक असेल, तर सगळं अंग झोपवायचं कारण नाही. कातडीत, मग त्याच्या खाली, मग आणखी खाली, अशी थोडी थोडी सुई देत जायची. ओढल्यासारखं वाटेल, दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. दुखलं तर सांगायचं, मी आणखी देईन. झालं की स्वतःच्या पायांनी उतरायचं, संध्याकाळच्या बोटीनं घरी.

"आनि आवाज?" सांगदोकनं विचारलं.

"तुमचा आवाज काय जांघेत आहे?" ती हसली.

"व्हय," तो म्हणाला.

ती हसायची थांबली. मग म्हणाली, "घशाला मी हातसुद्धा लावणार नाही. मग तर झालं?"

*

बेटावर ट्रक एकच, तो तेगिलचा. दुखणाईत माणसाला परत आणायचं तर तोच हवा होता. जांगपोवाली त्याच्या दारात गेली आणि काय बोलली कोण जाणे, पण ठरल्या दिवशी ट्रक फाटकाशी उभा राहिला. सांगदोकला बघताच तेगिलनं तोंड पलीकडे केलं.

"वहिनी, दादाला म्हणावं, म्या त्यांच्यासाठी येत न्हाई. आईसाठी येतोय."

"चढा," जांगपोवाली नवऱ्याला म्हणाली. "भावजी म्हणत्यात, चढा."

बोटीवर ट्रकच्या टपावरही पिवळी धूळ बसली होती. धुकं होतं. बेट मागे विरघळत गेलं, बंदर पुढे अजून उगवलं नव्हतं, मधे नुसता इंजिनाचा आवाज. तिघं एका बाकावर दाटीवाटीनं बसले होते. सांगदोकला वाटलं, पलीकडे जाताना माणसाला असंच वाटत असणार. भीती अशी नाही, फक्त मागचं आणि पुढचं काहीच दिसत नाही.

दवाखान्यात एका पोरीएवढ्या नर्सनं त्याची जांघ भादरली. कपडे काढून मागून उघडा असलेला निळा झगा घातला. जांगपोवालीनं त्याची विजार घडी करून पोटाशी धरली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. तेगिल दुसऱ्या टोकाला. दार बंद झालं.

आत थंडी होती. डोक्यावर मोठा गोल दिवा. छातीवर हिरवा पडदा उभा केला आणि सांगदोकचं अर्धं शरीर पडद्यापलीकडे गेलं.

"आता गांधीलमाशी चावेल," डॉक्टरीण म्हणाली.

चावली. एकदा, मग पुन्हा, रांगेनं. आग झाली, मग आगीवर कुणी ओली वाळू टाकावी तशी ती विझत गेली आणि मग काहीच राहिलं नाही. तेवढा तुकडा दुसऱ्या कुणाचातरी झाला. तिनं विचारलं, "दुखतंय?" "काय?" तो म्हणाला. "काही नाही," ती म्हणाली, "मी सुरुवात केलीय."

सांगदोक दिव्याकडे बघत राहिला. पडद्यापलीकडे कुणीतरी त्याच्या खिशात हात घालून शांतपणे काहीतरी शोधत होतं. घाई नव्हती. नर्स आणि डॉक्टरीण खेकड्याच्या रश्श्याबद्दल बोलत होत्या, यंदा खेकडा बारीक आहे म्हणून. त्यांचं बोलणं जवळून यायचं आणि लांब जायचं. मधेच खोलवर, पोटाच्या मुळाशी, एक जड कळ उठली.

"वडतंय," तो म्हणाला.

"हो, पिशवी सोडवतेय. थांबा, देते." आणि कळ पाण्यात मीठ विरघळावं तशी विरून गेली.

दिवा आता दिवा राहिला नव्हता. दुपारची कुंडी होती ती, भरलेली, निवळ, आणि तिच्या काठावरून पिवळी साय हळूहळू आत सरकत होती. कुठंतरी रहाट चालला होता. जांगपोवालीचे बारीक पाय फळ्या दाबत होते आणि पाणी त्याच्या अंगात वर चढत होतं, कोमट, न दुखणारं. हे स्वप्न आहे हे त्याला कळत होतं, आणि आपण जागे आहोत हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं याचं त्याला नवल वाटलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, "आता जाळी बसवते." त्यानं विचारलं, "मासा कंचा धरायचाय?" नर्स खुदकन हसली. "तुमचं आतडं धरायचंय, काका."

मग त्याला बांध दिसला. वळणाचा. हिवाळा नव्हता तिथं, सगळं पिवळं होतं. तेगिलची आई उभी नव्हती, बांधाच्या कडेला बसली होती. एक चप्पल काढून तिच्यातले मिठाचे खडे झटकत होती. कंटाळलेली दिसत होती. बोट चुकलेल्या माणसासारखी.

"काका," कुणीतरी म्हणालं. "आता खोका. जोरात. शिवण धरते का बघू द्या."

सांगदोकचा हात सवयीनं जांघेकडे निघाला. नर्सनं तो धरला. त्यानं खोकायचा प्रयत्न केला आणि खोकला घशाशी येऊन मागे फिरला.

"जोरात, काका."

"येत न्हाई बाय. गिळायची सवय लागलीय."

"मग ओरडा. हाक मारा कुणाला तरी. सगळ्यात जोरात हाक मारता तशी."

सांगदोकला सगळ्यात जोरात एकच हाक येत होती. आपण कुठं आहोत, ही हाक कुठं घालू नये, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. समोर बांध होता आणि म्हातारी बसलेली होती. त्यानं श्वास घेतला. श्वास खाली गेला, बेंबीखाली गेला, त्या परक्या झालेल्या तुकड्यापर्यंत गेला, आणि तिथं त्याला इतक्या काळात पहिल्यांदा भिंत लागली.

"पाय उचल गं माये, पल्याडं तुजं म्हायेर..."

खोली हादरली. ताटलीत हत्यारं वाजली. नर्सनं त्याचा हात सोडला आणि परत धरला. आवाज दारापलीकडे गेला, लांबच्या लांब गेला, आणि गळ्यातून नव्हे तर पोटाच्या तळातून गेला, कुठंही न गळता.

मग शांतता झाली. सांगदोकला त्या शांततेची भीती वाटली. हाकेला ओ लागते. खांदेकऱ्यांनी ओ दिल्याशिवाय पाऊल पडत नाही. आता म्हातारी उठून उभी राहिली होती, तिनं पाय उचलला होता, आणि ओ देणारं कुणी नव्हतं. ह्या दवाखान्यात कोण देणार? त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहू लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बाहेरून आवाज आला.

"ए हो... ए हो..."

बाईचा आवाज होता. चिरका, बेसूर, चढ कुठं आणि उतार कुठं काही ठाऊक नसलेला. बेटावर बायका कधीच ओ देत नाहीत. पण जांगपोवालीनं बंद दाराबाहेर, नवऱ्याची विजार पोटाशी धरून, ओ दिली होती.

"धरलंय," डॉक्टरीण पडद्यापलीकडून हळूच म्हणाली. "हललंसुद्धा नाही. पुन्हा एकदा, काका."

सांगदोकनं पुढची हाक घातली. "दिवा लावून बसली आई, वाट बघतो भाऊ..." आणि ह्या खेपेला ओ आली ती दोघांची. चिरक्या आवाजाखाली एक जाड, खर्जातला, पुढच्या डाव्या खांद्याचा. तो आवाज आधी अडखळला आणि मग रडवेला झाला, पण ठेका चुकला नाही.

पिवळ्या बांधावर पाऊल पडलं. मग दुसरं. म्हातारी चालू लागली, चांगली झपाझप. सांगदोक हाक घालत राहिला आणि ती लहान लहान होत गेली, आधी मेंढीएवढी, मग चिमणीएवढी. मग साय सरकून जागा भरून आली आणि तिथं परत दिवा होता.

"टाके घालते," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही म्हणत राहिलात तरी चालेल."

"न्हाई," सांगदोक म्हणाला. "पोचली."

*

तो स्वतःच्या पायांनी उतरला, तिनं सांगितलं होतं तसा. थोडा वाकून, नर्सच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आला. बाहेर सगळा व्हरांडा उभा होता. एक म्हातारी हात जोडून पुटपुटत होती, एक वॉर्डबॉय रागावण्यासाठी आला होता आणि तसाच थबकला होता.

"कोण गेलं?" कुणीतरी जांगपोवालीला विचारत होतं.

"कुनी न्हाई गेलं. माजा मालकच हाय त्यो, जिता हाय. त्योच गात हुता." ती विजार झटकून त्याच्याकडे वळली. तिचं तोंड लाल झालं होतं. "घाला ही. माज्याकडं बघू नका. म्या भावजीला कोपर मारलं, ओ द्या म्हनलं, तर ते भिंतीकडं तोंड करून बसलं. मग काय करणार? तशीच सोडू का हाक?"

"बेसूर हुतीस," सांगदोक म्हणाला.

"तुमीबी रहाटावर माजं पाय बघत न्हाई, मग म्या सूर कशाला बघू?"

तो हसला. हसताना हात जांघेवर गेला, पण आत दाबायला काही नव्हतं.

तेगिल ट्रकमध्ये जाऊन बसला होता. ते चढले तरी त्यानं मान वळवली नाही. धुकं निवळलं होतं. धक्क्यावर बोटीची वाट बघत बऱ्याच गाड्या उभ्या होत्या, आणि भूल उतरत चालली तशी सांगदोकच्या जांघेत बारीक ठसठस सुरू झाली होती. ती त्याला आवडली. आपली होती ती.

"दादा," तेगिल म्हणाला.

हिवाळ्यानंतर पहिल्यांदा. जांगपोवालीनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"काय?"

"तुमास्नी दिसली का?"

"दिसली."

"कशी हुती?"

"बसली हुती. चपलेतनं खडे झटकत हुती. हाक ऐकली आनि उठली."

तेगिलनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, गाडी बंद होती तरी. थोड्या वेळानं म्हणाला, "मागं बघितलं तिनं?"

जाणाऱ्यानं मागं बघू नये. बघितलं तर त्याचं मन अडकलं असं बेटावर समजतात, आणि ते कुणालाच नको असतं. सांगदोकला खरं तेच सांगायचं होतं आणि खरं तेच चांगलं होतं, तरी त्याची जीभ जरा जड झाली.

"न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

"न्हाई रं. झपाझपा गेली."

तेगिलनं मान डोलावली.

"म्हायेराला निघाली की ती कदी मागं बघायचीच न्हाई," तो म्हणाला. "म्या बारका हुतो तवा दारात उभा राहून बोंबलायचो. घसा सुकायचा माजा. तरी न्हाई बघायची. लई घाई तिला."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. बोट धक्क्याला लागली, तिचा लोखंडी जबडा खाली आला आणि पुढच्या गाड्या हलू लागल्या.

"हळू घेतो," तो म्हणाला. "गचका बसला तर सांगा, दादा."

आणि त्यानं ट्रक इतका हळू घेतला की मागच्या सगळ्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली.